वेबसाइट कशावर बांधायची? विक्स, वर्डप्रेस, शॉपिफाय, वेबफ्लो: निवडीपासून ताबा देईपर्यंत

तारकर्लीजवळ माझ्या ओळखीच्या एका बाईंचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. त्यांच्या वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीचे दर होते. पाहुणे ते वाचून फोन करायचे आणि प्रत्येक बोलण्याची सुरुवात घासाघिशीने व्हायची. दर बदलून का घेत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "ज्या मुलाने करून दिली, त्याचा फोनच लागत नाही आता." मी तपासलं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या मुलाच्या ईमेलवर; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, त्याच्या खात्यात; पासवर्ड त्याच्याकडे. बाईंकडे होती फक्त पैसे दिल्याची पावती. शेवटी जुनं नाव सोडावं लागलं. नवं डोमेन घेतलं, कार्डं पुन्हा छापली, हमरस्त्यावरची पाटी पुन्हा रंगवली.

तेव्हापासून कुणी "वेबसाइट कशावर करू?" असं विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. उद्या या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायचं ठरवलं तर तुमच्या हातात काय उरेल? आणि एखाद्या साध्या मंगळवारी, कामाच्या धबडग्यात, त्यातला एक आकडा कोण बदलणार? टेम्प्लेट, म्हणजे पानांचे तयार नमुने, किती सुंदर आहेत हे त्यानंतर बघू.

## पहिली पायरी: डोमेन

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी डोमेन घ्या. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल नंबरने. करून देणारा भाचा असो की कंपनी, डोमेनचं खातं तुमचं असलं पाहिजे. त्यांना कामापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका.

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय हे सगळे साइट बनवता बनवता तिथेच डोमेन देऊ करतात, काही योजनांत पहिल्या वर्षी फुकटही. माझा सल्ला असा की डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, ठेवा. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर डीएनएसच्या, म्हणजे पत्ता कुठे न्यायचा हे सांगणाऱ्या, दोन-तीन नोंदी बदलायच्या, की तोच पत्ता नव्या साइटकडे वळतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

फुकटच्या पत्त्यावर धंदा उभा केला की काय होतं, हे २०२४च्या मार्चमध्ये दिसलं. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून एका पानाची छोटी वेबसाइट बनवता यायची. ती सोय गूगलने बंद केली. जुने पत्ते १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळत राहिले, मग तेही थांबलं. ज्यांनी स्वतःचं डोमेन जोडलं होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं. ज्यांनी फुकटचाच पत्ता पिशव्यांवर छापला होता, त्यांच्या पिशव्या वाया गेल्या.

डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. देवनागरीत डॉट भारत २०१४पासून मिळतं आणि दिसतंही छान. पण अनेक ठिकाणच्या अर्जांमध्ये देवनागरी पत्ता किंवा त्यावरचा ईमेल अजून स्वीकारला जात नाही. म्हणून ते दुसरं नाव म्हणून घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा. नूतनीकरण एकदम तीन वर्षांचं करून टाका. परदेशी कंपनीचं आपोआप पैसे कापणं आपल्या कार्डांवर पुष्कळदा अडतं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वारंवारच्या वसुलीची आधी नोंद लागते. पैसे कापले न गेल्याची सूचना स्पॅममध्ये पडून राहते आणि डोमेन सुटतं.

## दुसरी पायरी: कागद

लॅपटॉप उघडण्याआधी एका कागदावर पानं लिहून काढा. होमस्टेला लागतात पाच: आम्ही कोण, खोल्या आणि दर, जेवण, कसं यायचं, संपर्क. "कसं यायचं" या पानाला लोक कमी लेखतात. कुडाळ स्टेशनला उतरल्यावर रिक्षा किती घेते, शेवटची एसटी किती वाजता, गाडी अंगणापर्यंत येते का, हे लिहिलं की निम्मे फोन कमी होतात.

फोटो आत्ताच गोळा करा. मोबाइलमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो तसेच चढवले तर घाटात एक कांडी रेंज असलेल्या माणसाला पान दिसणारच नाही. गूगलचं स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १६०० पिक्सेल करा, वेबपी प्रकारात साठवा, फोटो दीड-दोनशे केबीच्या आसपास येतो.

मजकूर तयार असला की सॉफ्टवेअरची निवड निम्मी सोपी होते. मजकूर नसताना टेम्प्लेट निवडायला बसलं की माणूस टेम्प्लेटमधल्या रिकाम्या चौकटी भरत बसतो, आणि "आमची दृष्टी, आमचं ध्येय" अशी पानं तयार होतात, जी कोणी वाचत नाही.

## तिसरी पायरी: तुमचं घराणं कोणतं?

बाजारात नावं शंभर असली तरी घराणी थोडीच आहेत.

सगळ्यात साधं म्हणजे गूगल साइट्स आणि ब्लॉगर. दोन्ही फुकट, दोन्हींना स्वतःचं डोमेन जोडता येतं. गावचं वाचनालय, गृहनिर्माण सोसायटी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, यांना गूगल साइट्स पुरे. जो माणूस गूगल डॉक्समध्ये लिहितो तो हे चालवू शकतो. रूप बदलायला वाव कमी, दुकान नाही. ब्लॉगर १९९९चं आहे, २००३ साली गूगलने घेतलं. आज ते जुनाट दिसतं, पण ज्याला फक्त लिहायचं आहे त्याला अजूनही उपयोगी पडतं, आणि त्यातला मजकूर उतरवून वर्डप्रेसमध्ये सहज नेता येतो.

दुसरं घराणं ओढा-आणि-ठेवा वाल्यांचं: विक्स, स्क्वेअरस्पेस, आपल्या चेन्नईच्या झोहोचं झोहो साइट्स. होस्टिंग, सुरक्षा, अपडेट सगळं त्यांच्याकडे. दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे. विक्स २००६ साली इस्रायलमध्ये सुरू झालं. त्यात पानावर कुठेही काहीही ठेवता येतं. हे स्वातंत्र्य नवख्याला आवडतं आणि तेच त्याला अडचणीत आणतं, कारण संगणकावर नीट दिसणारं पान मोबाइलवर वेगळं तपासून सारखं करावं लागतं. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेला टेम्प्लेट नंतर बदलता येत नाही. नव्याने बांधावं लागतं. स्क्वेअरस्पेस इतकी मोकळीक देत नाही, म्हणून त्यातलं काम सहसा बिघडत नाही. छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, गायक यांना ते शोभतं. कायम फुकट योजना त्यात नाही, १४ दिवस वापरून बघता येतं.

बाहेर पडण्याचं दार इथे अरुंद आहे. विक्सवरची साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेस मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये देतं, सगळा नाही. पाच पानांच्या साइटला याने फार बिघडत नाही, दोन दिवसांत पुन्हा बांधता येते. चारशे लेखांच्या साइटला ते परवडणार नाही.

तिसरं वर्डप्रेस. याच्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात आणि तुम्हाला मदत करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. गोंधळ एकच होतो, तो आधी सोडवू. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर. ते फुकट, मुक्त परवान्याचं, २००३पासूनचं, आणि कुठल्याही होस्टिंगवर चढवता येतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची सेवा, तेच सॉफ्टवेअर ती तुमच्यासाठी चालवते आणि त्याचे पैसे घेते. लोक बोलताना दोन्हींना वर्डप्रेसच म्हणतात. करून देणाऱ्याला स्पष्ट विचारा, कोणतं?

चौथं दुकानांचं. शॉपिफाय २००६ साली कॅनडात सुरू झालं, तेही संस्थापकांना स्वतःचे स्नोबोर्ड विकायला धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून. माल, साठा, ऑर्डर, परतावा, कुरिअर, सगळं एका जागी. येवल्यातला पैठणी विणणारा माणूस महिन्याला शंभर ऑर्डर पाठवत असेल तर त्याला मी शॉपिफायच सांगेन. महिन्याला आठ ऑर्डर असतील तर व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि एक नीट वेबसाइट पुरते. भारतात शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट चालत नाही, त्यामुळे दुसरा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, जोडावा लागतो. गेटवेचं कमिशन वेगळं आणि शॉपिफायचा व्यवहारामागचा हिस्सा वेगळा. हिशेब करताना दोन्ही धरा. देवगडच्या हापूसवाल्यांसारखा तीन महिन्यांचा धंदा असेल तर हंगाम संपल्यावर कमी दरात दुकान थांबवून ठेवायची सोय आहे, ती वापरा. माल आणि गिऱ्हाइकांच्या याद्या फाइल करून बाहेर काढता येतात, रूप येत नाही.

पाचवं घराणं व्यावसायिकांचं: वेबफ्लो, ह्युगो, अॅस्ट्रो, ड्रुपल. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

## चौथी पायरी: मराठीची परीक्षा

हे बहुतेक तुलनांमध्ये नसतं, कारण त्या तुलना इंग्रजी वेबसाइटसाठी लिहिलेल्या असतात. तुमची साइट मराठी असेल तर पैसे भरण्याआधी फुकट योजनेवर किंवा चाचणीच्या मुदतीत अर्धा दिवस एवढं करून बघा.

एक मोठं शीर्षक टाका आणि शिरोरेषा बघा. पुष्कळ टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते देखणं दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दातांत फटी पडल्यासारखा दिसतो. हे अंतर शून्य करता येतं का, ते त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधा. सापडलं नाही तर तो टेम्प्लेट सोडा.

मग एक परिच्छेद टाका, ज्यात "दऱ्याखोऱ्या", "वाऱ्यावर", "ज्ञानेश्वर", "कर्तृत्व" असे शब्द असतील. ऱ्याचा अर्धचंद्र नीट येतो का, ओळींमध्ये वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात का, ते पाहा. देवनागरीला ओळींमधलं अंतर जास्त लागतं. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा.

फाँटसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू गूगल फाँट्सवर फुकट आहेत, दोन्ही वाचायला सुखद. मजकूर पुस्तकी थाटाचा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी वापरा. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे आपल्या शाळेतले ल आणि श मिळतात. काही फाँट हे आकार तेव्हाच दाखवतात जेव्हा पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधून साइटची भाषा मराठी केली की ही नोंद आपोआप होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी जागा आहे का ते तपासा. फाँटची दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे आकार खूप असतात, फाइल जड होते.

यानंतर पानाचा पत्ता. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पत्ताही मराठी होतो. तो व्हॉट्सअॅपवर पाठवला की अनेकदा टक्केचिन्हांची आणि रोमन अक्षरांची हातभर माळ होऊन जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, अशा रूपात नऊ अक्षरं खातं. वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांचीच जागा देतं, म्हणजे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं. "मालवणी मसाल्याची पारंपरिक पाककृती" हा पत्ता तिसऱ्या शब्दातच तुटतो. मी प्रत्येक पानाचा पत्ता हाताने रोमन लिपीत देतो, छोटा. शीर्षक मराठी, पत्ता रोमन. गूगलला वाचायचं असतं शीर्षक आणि मजकूर, ते मराठीतच राहतात.

आणखी एक. तुमच्याकडे श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील, दिवाळी अंकांच्या असतात तशा, तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या आणि माणसाकडून वाचून घ्या. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा हमखास चुकतात.

## पाचवी पायरी: तीन वर्षांचा खर्च

जाहिरातीतला दर पहिल्या वर्षाचा असतो. महिना दीडशे रुपयांना दाखवलेलं होस्टिंग नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, आणि तो आकडा बारीक अक्षरांत तिथेच लिहिलेला असतो. म्हणून कोष्टक तीन वर्षांचं करा: डोमेन, होस्टिंग किंवा योजना, विकतची थीम (साइटचं रूप) वा प्लगइन (जादा सोय देणारा जोड), ईमेल, पेमेंटचं कमिशन, १८ टक्के जीएसटी, आणि सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात. वर्डप्रेस फुकट असतं, पण त्याचे अपडेट आणि बॅकअप कोणीतरी बघावे लागतात. विक्सचे पैसे जास्त वाटतात, त्यात हे काम धरलेलं असतं. तुमच्या घरात किंवा ऑफिसात महिन्याला एक तास देणारं कोणी नसेल तर विक्स किंवा स्क्वेअरस्पेस तुम्हाला खरोखर स्वस्त पडेल.

## सहावी पायरी: वर्डप्रेस, क्रमाने

वर्डप्रेस ठरलं असेल तर हा क्रम पाळा.

होस्टिंग घेताना चार गोष्टी विचारा: सर्व्हर भारतात आहे का, एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) फुकट आहे का, रोजचा बॅकअप आहे का, आणि फोनवर माणूस भेटतो का. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे एसएसएल फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका.

होस्टिंगच्या पॅनेलमधून वर्डप्रेस चढवा. वापरकर्त्याचं नाव "अॅडमिन" ठेवू नका. आत गेल्यावर भाषा मराठी आणि वेळ भारताची करा. पर्मालिंकमध्ये, म्हणजे पानांचे पत्ते कसे असावेत त्या सेटिंगमध्ये, "पोस्टचं नाव" निवडा. हे पहिल्या दिवशीच करा, कारण नंतर बदललं की जुने दुवे तुटू शकतात. नमुन्याची पोस्ट, पान आणि प्रतिक्रिया पुसा.

थीम हलकी घ्या. वर्डप्रेसची स्वतःची थीम चांगली असते. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची अॅस्ट्रा जगभर वापरली जाते, तिची फुकट आवृत्ती छोट्या साइटला पुरते. चोरीची "नल्ड" थीम कोणी फुकट दिली तर हात लावू नका. तिच्यात परक्याने घुसवलेला कोड असण्याची शक्यता फार मोठी.

प्लगइन मोजके ठेवा: बॅकअप, वेग, संपर्काचा फॉर्म, सुरक्षा, एसईओ (गूगलवर नीट सापडण्यासाठी). दुकान असेल तर वूकॉमर्स आणि पेमेंट गेटवेचं प्लगइन. प्रत्येक नवं प्लगइन म्हणजे घराला आणखी एक दरवाजा, त्याला कुलूप लावणारं माणूस पाहिजे. प्लगइन शेवटचं कधी अपडेट झालं ते त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. वर्ष उलटून गेलं असेल तर दुसरं शोधा.

बॅकअप होस्टिंगवरच ठेवलात तर होस्टिंगबरोबर तोही जाईल. अपड्राफ्टप्लसची फुकट आवृत्ती गूगल ड्राइव्हवर बॅकअप पाठवते. आठवड्यातून एकदा लावा. आणि एकदा तरी तो परत चढवून पाहा; मी दोन वर्षं जपून ठेवलेल्या बॅकअपमध्ये डेटाबेसच, म्हणजे साइटचा मजकूरच, नाही, असं नेमक्या गरजेच्या दिवशी पाहिलेलं आहे.

बांधताना सेटिंग्जमधल्या "वाचन" या भागात सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची खूण केलेली असते. साइट सुरू करण्याच्या दिवशी ती काढा. सहा महिने गूगलवर साइट का येत नाही म्हणून हैराण झालेल्या तिघांची अडचण मी ही एक खूण काढून सोडवली आहे. मग गूगल सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवा, पेजस्पीड इनसाइट्सवर मोबाइलचा वेग पाहा. शेवटी स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, फॉर्म भरा आणि ईमेल खरंच येतो का ते बघा.

## जे हे काम पैसे घेऊन करतात त्यांच्यासाठी

तुमची निवड वेगळ्या अंगाने होते. तुम्हाला दहा-वीस ग्राहक सांभाळायचे असतात.

वेबफ्लो २०१३पासून आहे. ज्याला एचटीएमएल आणि सीएसएस कळतं पण हाताने लिहायचं नाही, त्याच्यासाठी ते उत्तम. बॉक्स, फ्लेक्स, ग्रिड, सगळं डोळ्यांसमोर मांडता येतं आणि निघणारा कोड स्वच्छ असतो. पैसे देणाऱ्यांना तो कोड उतरवून घेता येतो, पण फॉर्म आणि सीएमएसमधला (मजकूर साठवण्याच्या भागातला) मजकूर त्यात जिवंत राहत नाही. मजकूर वेगळा फाइलमध्ये काढावा लागतो. ग्राहकाला डॉलरमधलं वर्षाचं बिल आधीच दाखवा.

वर्डप्रेसवर काम करत असाल तर पेज बिल्डर, म्हणजे पान ओढून-ठेवून मांडणारं प्लगइन, विचारपूर्वक घ्या. शॉर्टकोडवर, म्हणजे चौकटी कंसांतल्या खुणांवर, चालणारा बिल्डर बंद केला की पानांमध्ये चौकटी कंसांचा खच उरतो. २०१८च्या डिसेंबरमध्ये ब्लॉक एडिटर वर्डप्रेसमध्ये आला, तेव्हा तो कच्चा होता हे खरं. आज ब्लॉक थीमवर बहुतेक साइट बांधता येतात आणि मजकूर मोकळा राहतो. मी नवी कामं त्यावरच घेतो. काम करायला वेगळी चाचणीची प्रत ठेवा, चालू साइटवर थेट प्रयोग करू नका. ग्राहकाला प्रशासकाचं एक खातं द्या आणि रोजच्या वापराला संपादकाचं, म्हणजे चुकून थीम उडणार नाही.

मजकूर क्वचित बदलत असेल, जुन्या नियतकालिकाचा संग्रह, संस्थेचा इतिहास, शब्दकोश, तर ह्युगो किंवा अॅस्ट्रोसारखा स्टॅटिक जनरेटर बघाच. साध्या मजकूर-फाइलींतून तयार पानं निघतात. डेटाबेस नाही, त्यामुळे हॅक व्हायलाही फारसं काही नाही. क्लाउडफ्लेअर पेजेसवर अशी साइट फुकट ठेवता येते. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण त्यावर ऑनलाइन धंदा चालवायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. बाहेर पडण्याचं दार इथे सगळ्यात मोठं: मजकूर तुमच्या संगणकावर साध्या फाइलींत आहे, आणि वीस वर्षांनीही कुठल्याही संगणकावर उघडेल. अडचण इतकीच की बिगर-तांत्रिक माणसाला दर बदलायला देता येत नाही, त्यासाठी वर वेगळी सोय बसवावी लागते. ड्रुपल मोठ्या संस्थांचं, जिथे अनेक विभाग, अनेक भाषा आणि परवानग्यांचे थर असतात. पाच पानांसाठी ते आणू नका.

काम संपलं की ताबा लेखी द्या. एका पानावर: डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, दोन्हींच्या मुदती कधी संपतात, खात्याचा ईमेल कोणता, बॅकअप कुठे पडतो, कोणतं प्लगइन विकतचं आहे आणि त्याचा परवाना कोणाच्या नावावर. हे पान छापून द्या. मग ग्राहकाच्या शेजारी बसा, तुमचा हात माउसला लावू नका, आणि त्यांना त्यांच्याच मोबाइलवरून एक दर बदलायला सांगा. तारकर्लीच्या बाईंना पहिल्या वेळी अकरा मिनिटं लागली. जिथे अडल्या ती तीन ठिकाणं मी त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून दिली. पुढच्या सुरमईच्या थाळीचा दर त्यांनी स्वतः बदलला, मला कळलं ते साइट उघडली तेव्हा.